शिमारा मिस्त्रींची शेवटची नळी

ती नळी माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला समजूतदार वगैरे समजायला नको.

कागदोपत्री ती अलोइस शिमारा यांची. पण ती शेवटी कुणाकडे जाणार, हे आमच्या नेमबाजी क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं. शिमारा मिस्त्रींनी चाळीस वर्षं बंदुकांच्या कारखान्यात नळ्या केल्या. निवृत्त झाल्यावर घरामागच्या शेडमध्ये, स्वतःच्या यंत्रावर केल्या. डोळे अधू व्हायला लागले तेव्हा त्यांनी एक शेवटची केली. साडेसहा मिलिमीटरची, जाड, आतून दिवसचे दिवस हाताने घासलेली. आत कसं दिसतंय ते बघायला नजर उरली नाही, तरी घासायच्या कांडीची ओढ हाताला जाणवते ना, तेवढ्यावर त्यांनी ती पुरी केली. मग तेलाच्या फडक्यात गुंडाळली आणि जिन्याखाली ठेवून दिली.

नऊ वर्षं ती तिथे होती, आणि नऊ वर्षं मी त्या घरात जात होतो. मी पोटासाठी स्वयंपाकघरांची कपाटं करतो आणि जिवासाठी बंदुकांचे लाकडी दस्ते. नळी यंत्राला, म्हणजे काडतूस आत ढकलणारा बोल्ट आणि चाप ज्यात असतात त्याला, जोडायची, यंत्र दस्त्यात बसवायचं आणि दस्ता माणसाच्या खांद्याला. यातलं शेवटचं काम माझं. मिस्त्रींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी नेलं. थंडीची लाकडं मी फोडली. त्यांच्या झाडांचे आलुबुखार वेचून भट्टीवर मी पोचवले, दारूच्या बाटल्या मी परत आणल्या. रेंजवर दुर्बिणीला डोळा लावून कुणाची गोळी कुठे लागली ते त्यांना मी सांगायचो. जिन्याखालून जाताना त्या फडक्याकडे बघायचो आणि गप्प राहायचो. आमच्या मोराव्हियाच्या या डोंगरात असं असतं. जे आपलं आहे ते मागायचं नसतं. मागितलं की माणूस हलका होतो.

आणि नऊ वर्षं मिस्त्री मला 'तुम्ही' म्हणत. आमच्याकडे एकेरीवर यायची रीत अशी: वडीलधाऱ्याने एक छोटा पेला पुढे करायचा, आपलं पाळण्यातलं नाव सांगायचं, पेले वाजवायचे आणि तिथून पुढे एकेरी. बाटल्या मी आणल्या, पण तो पेला माझ्यासाठी कधी भरला गेला नाही. चालायचं, म्हणालो. त्यांचा स्वभावच तसा.

मग ऑक्टोबरात रादाना आली.

रादाना एकतीस वर्षांची. गावात तिचं दुकान आहे, वाकड्या पायांच्या माणसांसाठी मापाचे बूट करते. बुटकी, रुंद हाताची, नखांत कायम गोंद. परवान्याची परीक्षा देऊन ती थेट क्लबात आली. क्लब म्हणजे जुन्या दगडखाणीच्या तोंडाशी एक लाकडी खोली, आणि मागे खाणीतच तीनशे मीटरपर्यंतचं रेंज. सगळे कोबीचं आंबट सूप पीत बसले होते. ती दारातच उभी राहून म्हणाली, "मला लांबवरची, अचूक नेमबाजी शिकायचीय. रायफल कुठली घेऊ?"

हा प्रश्न चार नेमबाजांत विचारायचा म्हणजे चार आयांच्या खोलीत तान्हं बाळ रडवायचं.

"मोठीच घे!" क्लबाची खोली आणि सूप दोन्ही सांभाळणारा मोयमीर म्हणाला. "असं काडतूस घे की डोंगरापलीकडच्याला वाटलं पाहिजे वीज पडली."

"आणि पोरीचा खांदा?" मी म्हणालो.

"खांदे दोन असतात."

मी उठलो. इथवर मी चांगला माणूस होतो, याची नोंद असावी. मी तिला सरळ सांगितलं: नवशिक्याने कारखान्यातली साधी बोल्टची रायफल घ्यावी. काडतूस मध्यम, दणका कमी. दणका मोठा असला की चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागतात, आणि ती खोड एकदा अंगात शिरली की औषध नाही. चाप हलका, स्वच्छ सुटणारा हवा. पैसे दुर्बिणीत घाल आणि काडतुसांत घाल. दस्ता पेचांनी लांब-आखूड होणारा घे, कारण पहिल्या वर्षी बसण्याची ढब दर महिन्याला बदलते. आणि हाताने केलेली नळी वगैरे तर मुळीच नको. नवशिक्या हाताला तिच्यातला फरक कळत नाही, आणि ती जन्माला येते तीच मोजक्या गोळ्या घेऊन. अडीच-तीन हजार मारल्या की संपली.

"म्हणजे तू स्वतःच्याच धंद्यावर लाथ मारतोयस, लंबू," मोयमीर म्हणाला. मी एक मीटर अठ्ठ्याऐंशी उंच आहे, म्हणून लंबू.

"खरं ते सांगतोय."

कोपऱ्यातून मिस्त्री बोलले. "पोरी, मारायचं कशावर?"

"कागदावर."

"प्राण्यावर नाही?"

"नाही. मला फक्त बघायचंय की एकच गोष्ट मला पाच वेळा तशीच करता येते का."

मिस्त्रींनी मान तिच्या आवाजाच्या दिशेने वळवली. मग शेजारच्या खुर्चीवरची आपली टोपी उचलून मांडीवर घेतली. ती खुर्ची माझी. मी उठलो की टोपी ठेवून ते ती माझ्यासाठी राखत; आज ती रादानासाठी मोकळी झाली.

तीन आठवड्यांत तिने जाहिरात बघून एक जुनी रायफल आणली. स्वस्तात मिळाली म्हणून खूश होती. मी बोल्ट काढला, नळीत उजेड टाकून पाहिलं. बोल्ट लोण्यासारखा, चाप छान. पण नळीचा घसा, काडतुसातून सुटलेली गोळी जिथे नळीत शिरते तो भाग, सुसरीच्या पाठीसारखा फुटलेला.

"यंत्र चांगलंय," मी म्हणालो. "नळी मेलेली आहे. म्हणून तर स्वस्त."

"नवी किती दिवसांत मिळेल?"

"ऑर्डर दिली तर चार-पाच महिने."

आम्ही मिस्त्रींच्या स्वयंपाकघरात होतो. रायफल त्यांना दाखवायला, म्हणजे त्यांच्या हातात द्यायला, आणली होती. रादाना इकडेतिकडे न बघता म्हणाली, "मिस्त्री, तुमच्याकडे एक नळी आहे म्हणे."

माझ्या हातातली नासपतीची पोळी तशीच राहिली.

"आहे," मिस्त्री म्हणाले.

"कुणाची आहे?"

"अजून कुणाची नाही."

"मग मला द्या. काय किंमत असेल ती सांगा."

असं. असं मागायचं असतं? दुकानात जाऊन मिठाचा पुडा मागावा तसं? मी मिस्त्रींकडे पाहिलं. वाटलं, आता ते तिला असं काही सुनावतील की बाई परत या घराची पायरी चढणार नाही.

मिस्त्री हसले. नऊ वर्षांत मी त्यांना असं, दात दाखवून, हसताना पाहिलं नव्हतं. "ने," ते म्हणाले. "पण त्या पेचांच्या सांगाड्यात नाही घालायची. माझ्या नळीला लाकूडच. अक्रोडाचं. ते हे हिनेक करतील." मग कपाट चाचपडून बाटली काढली, दोन छोटे पेले काढले. "माझं नाव अलोइस. आजपासून तू मला नावाने हाक मार."

पेले वाजले. दोनच पेले. मी माझी पोळी बशीत ठेवली आणि म्हणालो, "करीन की."

माप मी चोख घेतलं. शपथेवर सांगतो. कोपराच्या लवणापासून बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत बत्तीस सेंटीमीटर. गालाच्या हाडापासून खांद्यापर्यंत किती, मान किती, तळवा केवढा, सगळं कागदावर लिहिलं आणि कागद कामाच्या टेबलासमोर भिंतीला खिळ्याने ठोकला. माझं स्वतःचं माप साडेछत्तीस. ते कुठे लिहून ठेवावं लागत नाही.

लाकूड मी जपून ठेवलेलं काढलं. अकरा वर्षं वाळवलेला अक्रोड, रेषा अशा की धूर गोठलाय. कुणासाठी जपला होता ते सांगायला हवं का? पण नळी तिथे गेली तर लाकूड मागे ठेवून काय करू? नळीच्या शेजारी दुसऱ्या कुणाचं लाकूड बसलेलं मला सोसलं नसतं.

सगळे दस्तेवाले करतात तसं मी शेवटाला लांबी जास्तीची ठेवली. लाकूड कापता येतं, जोडता येत नाही. माप अगदी शेवटी करवतीने. तोवर पकड कोरायची, गालाची जागा उतरवायची. आणि उतरवताना पुन्हा पुन्हा लावून बघावं लागतं. डोळे मिटायचे, दस्ता खांद्याला लावायचा, गाल टेकवायचा, मग डोळे उघडायचे. नजर दुर्बिणीच्या बरोबर मधून गेली तर लाकूड बरोबर. नाही गेली तर कानस घ्यायची. माणसाने लाकडाला बसायचं नाही, लाकडाने माणसाला बसायचं.

रादाना दिवसभर तिच्या दुकानात. माझ्या कारखान्यात मीच. मग लावून कोण बघणार? मी. तिच्या कागदाकडे बघायचो, हिशेब करून साडेचार सेंटीमीटर मनात वजा करायचो आणि लावायचो. डिसेंबरात तो हिशेब पक्का होता. जानेवारीत कागदावर भुसा बसला. तिथे नळी माझ्या हाताखाली होती, नऊ वर्षं फडक्यात पाहिलेली, आता उघडी. तिच्यावर हात ठेवला की थंडी मनगटापर्यंत चढायची. मी डोळे मिटायचो, लावायचो, उघडायचो. कानस. परत. मला त्या महिन्यात कुणी काही विचारलं तर मी अंगावर जायचो. बायको म्हणाली, "तुला झालंय काय? बाहेर कुणी ठेवली असतीस तर एवढा आनंदी तरी दिसला असतास."

फेब्रुवारीच्या शेवटी करवत हातात घेतली. खूण केली. बत्तीसवर रेघ मारली. म्हटलं, कापायच्या आधी शेवटचं एकदा लावून बघू. लावलं.

काय सांगू. माझ्या तीस वर्षांच्या कामात लाकूड इतकं कधी बसलं नव्हतं. खांद्यात शिरलं आणि तिथेच राहिलं, जसं काही माझंच एक हाड बाहेर राहिलं होतं ते परत आलं. मी करवत खाली ठेवली. उद्या कापू, म्हटलं. दुसऱ्या दिवशी तेलाचा पहिला हात दिला. आणि तेल दिलेलं लाकूड कुणी कापतं का? शिवाय ती नवीन आहे, जरा लांब दस्त्याची सवय होईल तिला. शिवाय पुढे, शिवाय बरंच काही. मुद्दाम केलं का? हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय की आता माझ्याच उत्तरावर माझा विश्वास नाही.

मार्चच्या मध्यावर रेंज उघडलं. खाणीत बर्फाचे ढिगारे होते. रादाना जाड कोट घालून चटईवर पालथी झाली. रायफल दोन पायांच्या टेकूवर. शंभर मीटरवर कागद. मिस्त्री घडीच्या खुर्चीवर, मी दुर्बिणीशी, मोयमीर नियमांची शिट्टी गळ्यात घालून.

"आरामात, पोरी," मिस्त्री म्हणाले. "श्वास अर्धा सोड. मग चाप."

पहिली गोळी सुटली. "खाली डावीकडे," मी सांगितलं. दुसरी वर. तिसरी कागदाच्या कडेला. रादाना सरपटत पुढे जात होती, मान कासवासारखी लांबवत होती.

"मला नीट दिसत नाही," ती म्हणाली. "कडेने काळं कडं दिसतं. पुढे गेले की जातं."

"होतं सुरुवातीला," मी म्हणालो. माझा आवाज अगदी नेहमीसारखा होता.

चौथ्या गोळीला ती एवढी पुढे गेली होती की दस्त्याचं बूड खांद्यावरून घसरून दंडावर आलं. दणका बसला आणि रायफलवरच्या दुर्बिणीची कड तिच्या भुवईवर आदळली. भुवई फुटली. रक्त नाकावरून चटईवर आलं.

मोयमीरने शिट्टी वाजवली. बोल्ट उघडला, रायफल मोकळी केली. रादानाने रुमाल दाबून धरला, रडलीबिडली नाही. म्हणाली, "माझंच चुकलं असेल. मीच पुढे सरकले."

मी म्हणायला हवं होतं, नाही, तुझं नाही चुकलं. माझ्या तोंडातून निघालं, "थोडी पुढे गेलीस खरी."

मिस्त्री खुर्चीवरून उठले. रायफल मागितली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली नाही. नेऊन उपयोग नव्हता. अंगठा गालाच्या जागेवरून फिरवला, पकडीवरून, बुडापर्यंत. बूड कोपराच्या लवणात ठेवलं आणि बोटाने चाप शोधला. त्यांचं बोट चापाला पोचलं नाही. मिस्त्री माझ्यापेक्षा वीतभर बुटके आहेत.

"हिनेक," ते म्हणाले, "तुम्ही झोपा."

"मी कशाला?"

"झोपा."

मी चटईवर पालथा झालो. तिचं रक्त अजून ओलं होतं.

"डोळे मिटा. लावा. गाल टेकवा. उघडा. काय दिसतं?"

समोर कागद होता, स्वच्छ, गोल, मधोमध.

"कागद."

"कडेला काळं?"

"नाही."

"जरासुद्धा?"

मी गाल दस्त्यावरून उचलला. मोयमीर खाली वाकला, माझ्याकडे आडवा बघत बसला, आणि शिट्टी वाजवल्यासारखं तोंडाने वारं सोडलं. "अरे बापरे! शिंप्याने गिऱ्हाइकाचं कापड घेतलं आणि स्वतःचाच कोट शिवला!"

कुणी हसलं नाही. मोयमीरही नाही.

मी उठलो. गुडघ्यांना चिखल लागला होता. मग माझ्या तोंडून जे निघालं ते नऊ वर्षांचं होतं. "हो, शिवला! माझीच होती ती! सगळ्या क्लबाला माहीत होतं. मिस्त्री, तुमची लाकडं कुणी फोडली? डॉक्टरकडे कोण नेत होतं? ही बाई तीन आठवडे आली, मीठ मागावं तशी मागितली आणि तुम्ही दिलीत! माझी नळी मला परत द्या."

"लाकडं तुम्ही नळीसाठी फोडलीत?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाही! नळीसाठी कशाला फोडू? तुमच्यासाठी फोडली."

"मग नळी कशाला मागता?"

मी गुडघ्यांवरचा चिखल झाडायला लागलो. मिस्त्री म्हणाले, "तिने मागितली, मी दिली. दिलेली वस्तू मी मागून घेत नाही. तुम्ही मागितली असतीत तर तुम्हाला दिली असती. मी वाट बघत होतो. मग वाटलं, यांना नको असेल. लाकूडकाम करणाऱ्याला लोखंड कशाला."

नको असेल! नऊ वर्षं मला ती नको असेल!

"मी देणार नाही," रादाना म्हणाली. रुमालाखालून तिचा एकच डोळा दिसत होता.

"तुझ्याकडे कोण मागतंय?"

"तू मागशील. म्हणून आधीच सांगते. बाकी बायका म्हणतील, जाऊ दे, घे बाबा तुझी. मी नाही म्हणणार. मला आवडलीय ती. दुसरा दस्ता कर."

"आणि हा?"

"हा तुझा आहे. दिसतंच की."

मी घरी गेलो आणि चार दिवस कपाटांच्या फळ्याच कापत राहिलो. पाचव्या दिवशी अक्रोडाचा दुसरा ठोकळा खांद्यावर टाकून तिच्या दुकानात गेलो. माझी कुणी समजूत घातली नाही, मला पश्चात्तापबिश्चात्ताप झाला नाही. गावभर पसरलं होतं की हिनेकला माप घेता येत नाही. माझं नाव कपाटांवरही चालतं.

"माप कसं घ्यायचं ते मी सांगणार," रादाना म्हणाली. "तू फक्त लाकूड काढ."

तिच्या भिंतींवर फळ्या होत्या, आणि फळ्यांवर पाय. लाकडाचे, प्लास्टरचे, गाठाळलेले, बोटं चढलेले, प्रत्येकावर पेन्सिलीने नाव. गावातल्या अर्ध्या लोकांची पावलं तिथे अनवाणी उभी होती. भुवईवर तिला तीन टाके होते.

"माणसाला नाही विचारायचं, पायाला विचारायचं," ती म्हणाली. "माणूस खोटं सांगतो. आमच्याकडे एक बाई येते, दरवेळी एक नंबर लहान सांगते. मी हो म्हणते आणि पायाचा साचा काढते."

तिने थंडीचा कोट चढवला, जमिनीवर चटई टाकली, पालथी पडली. ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या मी तिच्या खांद्यावर, कोटावरूनच, आणि गालाखाली ठेवल्या. आम्ही अर्धा तास हललो नाही. वाळल्यावर जे निघालं तो तिच्या खांद्याचा आणि जबड्याचा उलटा ठसा. त्या ठशावर मी दस्ता उतरवला. तिने अट घातली होती: लाकूड माझ्या खांद्याला एकदाही लागता कामा नये. लावून बघायला ठसा आहे. काम तिच्याच दुकानात, तिच्या डोळ्यांसमोर.

रोज दुपारी मिस्त्री यायचे. कोपऱ्यातल्या, गिऱ्हाइकांचे पाय मोजायच्या खुर्चीवर बसून पोळी खायचे आणि तिला गोष्टी सांगायचे. कारखान्यात पहिल्या वर्षी त्यांनी अकरा नळ्या बिघडवल्या होत्या. अकरावी बिघडली तेव्हा ते घरी न जाता नदीकाठी बसून राहिले होते, आणि त्यांची आई त्यांना शोधत आली होती. रादाना गोंद लावता लावता म्हणायची, "मग रे अलोइस? मग काय म्हणाली आई?"

नऊ वर्षं. मला अकरा नळ्यांतली एकही माहीत नव्हती. त्यांची आई होती हेही माहीत नव्हतं, म्हणजे होती हे उघड आहे, पण ती नदीकाठी आली होती हे नव्हतं. मी कानस चालवत होतो. मध्येच विचारावंसं वाटायचं, पण मला 'रे अलोइस' म्हणता येत नव्हतं, आणि 'अहो मिस्त्री, मग?' असं त्या खोलीत शोभलं नसतं. अंगावरचा भुसा झटकायच्या निमित्ताने मी बाहेर जाऊन यायचो.

दस्ता चांगला झाला. हे मी म्हणतोय म्हणून नव्हे. पहिल्यापेक्षा चांगला झाला. पहिला दस्ता हात आपोआप करत गेला होता. हा मी प्रत्येक धाग्याशी भांडून केला. करवत लावायचा दिवस आला तेव्हा मी रेघ मारली आणि सरळ कापलं. तुकडा जमिनीवर पडला, रादानाने उचलून चुलीत टाकला.

मेच्या पहिल्या रविवारी वसंतातली स्पर्धा. शेजारच्या खोऱ्यातला क्लब आला होता, त्यांच्या चकचकीत ॲल्युमिनियमच्या सांगाड्यांसकट. मोयमीर मोहरी आणि किसलेल्या तिखट मुळासोबत सॉसेज विकत होता. रादानाचा गट नवशिक्यांचा, पण अंतर सगळ्यांना तेच, तीनशे मीटर.

ती पालथी झाली. मी दुर्बिणीशी बसलो, मिस्त्री माझ्या डाव्या हाताला. ते डोळे मिटून बसतात. म्हणतात, उघडे ठेवून फक्त धुकं दिसतं.

"सांगा."

पहिली सुटली. "आतल्या वर्तुळात," मी म्हणालो.

"किती आत?"

"पुरेशी."

दुसरी. दुर्बिणीत मला पहिल्या भोकाला दुसरं चिकटलेलं दिसलं. "पहिलीला लागून." तिसरी. "तिथेच."

मिस्त्रींचा हात गुडघ्यावर ताल धरल्यासारखा हलत होता. त्यांची नळी बोलत होती आणि ते ऐकत होते. त्यांना कागद दिसत नव्हता. मी काहीही सांगितलं असतं तरी निकाल लागेपर्यंत त्यांच्यासाठी तेच खरं होतं. हा विचार माझ्या मनात आला. पुरता आला, बसला आणि पाय पसरले.

चौथी सुटली.

"उजवीकडे! बोटभर बाहेर. श्वास धरून ठेवला तिने, मला दिसलं."

"हं," मिस्त्री म्हणाले. "आणि एवढं खुशीत का सांगताय?"

मी दुर्बीण उगाच थोडी फिरवली. पाचवीला तिने बराच वेळ घेतला. खाणीवरून वारा गेला, ती थांबली. वारा पडला.

"मध्ये," मी म्हणालो.

"ऐकू नाही आलं."

"मध्ये! तिघींच्या बरोबर मध्ये! अजून किती मोठ्याने सांगू?"

रांगेतल्या सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मोयमीर चिमटा हातात घेऊन बाहेर आला. कागद आणला तेव्हा शेजारच्या क्लबाची माणसं गोळा झाली. चार भोकं एका कोरुनाच्या नाण्याखाली झाकली जात होती. एक मिशावाला पुन्हा पुन्हा नळीवरून हात फिरवत होता. "शिमारांची! शेवटची म्हणे! अहो, असली नळी असल्यावर काय, गाढवसुद्धा मारेल!"

"मग लाव की तुझ्या खांद्याला नुसती नळी!" माझा तोल गेला. "लाव आणि मार! नळी नळी नळी! ती काय हवेत तरंगत होती? तिच्याखाली लाकूड आहे ते दिसत नाही तुम्हाला?"

मिशावाला दचकून मागे सरला. "हे कोण?"

"हा हिनेक," रादाना म्हणाली. "दस्ता त्याने केलाय. त्याच्याशिवाय माझ्या चारही गोळ्या झाडीत गेल्या असत्या."

किती सहज म्हणाली. ज्याच्याकडे आहे त्याला देणं किती सोपं असतं. ती गप्प बसली असती तर मला बरं वाटलं असतं, तेवढं तरी तिच्यावर रागावता आलं असतं. मग तिने बोल्ट उघडला, रिकामी रायफल आडवी धरून माझ्यापुढे केली.

"घे. पाच मार. सराव अजून अर्धा तास चालू आहे."

ती नळी माझ्यापासून हातभर होती, अजून गरम. सगळे बघत होते. मिस्त्रींनी मान वर केली, ऐकत होते. मला ती किती हवी होती हे मी इथे लिहीत नाही, एवढं लिहूनही ज्याला कळलं नसेल त्याला कळणारही नाही.

"मला नाही बसणार," मी म्हणालो. "तुझ्या मापाची आहे."

"खरंच?"

"चार-साडेचार सेंटीमीटर आखूड. माझं नाक अंगठ्यावर आपटेल."

मोयमीर म्हणाला, "चला, लंबूला माप कळलं, आज मोहरी फुकट." आता मात्र सगळे हसले. मीही बहुतेक हसलो. रादाना परत चटईकडे गेली, कारण तिला चौथी गोळी उजवीकडे का गेली ते बघायचं होतं. मिस्त्री उठले, काठी टेकत तिच्याजवळ गेले आणि वाकून तिच्या खांद्यावर हात ठेवून दस्ता कुठे बसलाय ते चाचपू लागले. बराच वेळ चाचपत होते. मग तिथूनच मोठ्याने म्हणाले, "हिनेक, काम चांगलं झालंय तुमचं."

तुमचं.

मी सॉसेजच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.